मधलं दार कोणी बंद केलं

५ जानेवारी

दादा,

वर काय लिहावं यातच अर्धा तास गेला. 'तीर्थरूप' लिहिलं तर म्हणशील, ही एवढी शहाणी कधीपासून झाली? आणि 'प्रिय' म्हणायची आपल्या दोघांना सवय नाही. म्हणून नुसतंच दादा. ते तरी अजून चालत असावं.

पत्ता इस्त्रीवाल्या मावशींकडून घेतला. त्यांच्यावर रागावू नकोस. "त्याने बजावलंय, कुणाला द्यायचा नाही," म्हणाल्या. मग मी त्यांच्या इस्त्रीच्या रुळाजवळच्या स्टुलावर ठाण मांडून बसले. चादरी त्यांना माझ्या डोक्यावरून घ्याव्या लागल्या तेव्हा वैतागून दिला. फोन नंबर मात्र दिला नाही. शिलाई मशिनं दुरुस्त करतोस एवढंच कळलं.

इकडे बरं आहे. आपली हॉस्पिटलची लाँड्री आहे तशीच आहे. बाबांना तिथल्या सुपरवायझरकीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण अजून पाचाच्या ठोक्याला उठतात, आणि मी कामावर निघाले की चपला घालेपर्यंत मागे उभे राहून विचारतात, "बॉयलर वेळेवर पेटतो ना?" दुसरं काही विचारत नाहीत. आई असती तर घरात थोडं बोलणं झालं असतं. तुझं नाव निघत नाही. चुकून निघालंच तर ते उठून गॅलरीत जातात आणि कुंड्यांना पाणी घालतात. एकदा एकाच दिवशी तीनदा घातलं, रोप कुजलं.

पत्राचं कारण असं. मी मॅनेजमेंटच्या कॉलेजचा फॉर्म भरला होता. हसू नकोस. लेखी परीक्षा पास झाले, कशी ते मलाही माहीत नाही, आणि आता मुलाखतीला बोलावलंय. ११ फेब्रुवारी. मी एका सरांकडे तयारीला जाते. ते म्हणतात, समोर तीन माणसं असतील, पंचवीस मिनिटं. पहिला प्रश्न, स्वतःबद्दल सांगा. मग हे शिक्षण कशाला, आत्ताच कशाला, आमच्याकडेच कशाला. मग तुमचा कमकुवतपणा सांगा. इथे म्हणे खरं सांगायचं नाही आणि खोटंही सांगायचं नाही. मी म्हटलं, मला घाईत डावं-उजवं कळत नाही. सर म्हणाले, हे नको. शेवटी विचारतात, तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का? तेव्हा 'नाही' म्हणालात की गेलात.

आपल्या घरात समोर तीन माणसं बसवून ज्याला प्रश्न विचारले असा तू एकटाच. म्हणून वाटलं, तुला विचारावं. हात कुठे ठेवायचे? आवाज कापला तर काय करायचं?

आणि एक बारीकशी गोष्ट. मधल्या दारावर जे प्लायवूड मारलं होतं ते किती जाडीचं होतं रे? आणि तीन नंबरचं मशीन फिरवलं ते नक्की किती? सहज विचारते.

तुझी बहीण


१९ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. पोस्टाचा घोळ असेल असं मी स्वतःला सांगते, पण मावशींना तुझं पत्र चार दिवसांत आलं होतं हे मला माहीत आहे.

काल सरांकडे खोटी मुलाखत झाली. त्यांचा वर्ग दातांच्या दवाखान्याला लागून आहे. भिंतीपलीकडे दात कोरायचं मशीन सुरू झालं की आपली उत्तरं आपोआप लांबतात. सरांनी फळ्यावर माझ्या नावाखाली रेघा मारायला सुरुवात केली. मला वाटलं, चांगल्या उत्तरांच्या आहेत. शेवटी मोजल्या तर सतरा.

"सतरा वेळा 'आम्ही' म्हणालात," सर म्हणाले. "आम्ही ठरवलं, आम्ही बंद केलं, आम्ही फिरवलं. आम्ही म्हणजे कोण? त्या खोलीत 'आम्ही'ला खुर्ची ठेवलेली नसते. 'मी' म्हणा."

"मग 'आपण' चालेल का?" मी विचारलं.

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

रात्रभर डोक्यात तेच. बरं, आता सांगूनच टाकते, कारण सहज विचारते असं मी लिहिलं ते काही खरं नव्हतं. फॉर्मबरोबर एक निबंध द्यायचा होता. 'तुम्ही स्वतः घडवून आणलेला बदल.' मी मधल्या दाराबद्दल लिहिलं.

तू म्हणशील, लिहिलंस तर लिहिलंस. पण मी 'मी' लिहिलं, दादा. पाचशे शब्दांत तू कुठेच नाहीस.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा होतास. 'माझा भाऊ तिथे फिटर होता' असं दुसरंच वाक्य होतं. सरांनी ते खोडलं, म्हणाले याने तुमची बाजू पातळ होते. मी म्हटलं, ठीक आहे. नंतर तुझ्याबद्दलचं आणखी एक वाक्य मी आपणहून खोडलं. ते का खोडलं ते मला सांगता येत नाही.

त्यात लिहिलंय ते खरंच आहे. वॉर्डातली मळकी गाठोडी पुढच्या दाराने यायची, घड्यांच्या खोलीतून, माझ्या टेबलाला घासून, मधल्या दाराने धुवायला जायची. आणि धुतलेल्या चादरी त्याच दाराने, त्याच ट्रॉल्यांना घासत परत यायच्या. ऑपरेशन झालेल्यांच्या जखमा चिघळायच्या आणि डॉक्टर लोक साबण बदला म्हणायचे. मधलं दार बंद केलं, मळक्या कपड्यांना मागचं फाटक दिलं, तीन नंबरचं मशीन फिरवून बाजूची वाट मोकळी केली, की मळकं आणि धुतलं समोरासमोर यायचंच नाही. चार महिन्यांत फरक पडला. हे सगळं खरं. रविवारी दुपारी, मशिनं बंद असताना झालं, हेही खरं.

सोमवारी सकाळी वाढवलेल्या पाइपचा सांधा निसटला, अर्धा दिवस सगळ्या मशिनांचं पाणी बंद राहिलं, थिएटरला चादरी पुरल्या नाहीत आणि अकरा ऑपरेशनं पुढे ढकलली, हे निबंधात नाही. चौकशी बसली हे नाही. तू "मी केलं, एकट्याने केलं" असा जबाब लिहून दिलास आणि तुला काढून टाकलं, हेही नाही.

आणि आपल्या घरात तू एकटाच त्या खोलीत गेलास असं मागच्या पत्रात लिहिलं, तेही नाही खरं. मीही गेले होते. दोन मिनिटं. मला विचारलं, तुम्हाला यातलं काही माहीत होतं का? मी म्हणाले, नाही.

आता सांग, तुझा जबाब खरा की माझा निबंध? दोन्हींत 'मी'च आहे.

तरीही मापं कळव. त्यांनी खोलात विचारलं तर माझी त्रेधा उडेल.


२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पाकीट मिळालं. त्याला पत्र म्हणावं का ते कळत नाही.

एक चौकोनी कागद. त्यावर लाँड्रीचा नकाशा, पट्टीने काढलेला. प्लायवूड अठरा मिलिमीटर. उंची सात फूट, रुंदी साडेचार. स्क्रू बेचाळीस. मशीन तीन, काटकोनात, बॉयलरकडे तोंड. पाइप सव्वादोन फूट वाढवला, सांधा मशिनामागे, आणि सांध्यापाशी छोटासा क्रॉस. बस. ना दादा, ना आशीर्वाद, ना 'चुलीत जा'.

मी कागद उलटा करून पाहिला. उजेडात धरून पाहिला. हा मदतीचा कागद आहे की टोमणा? 'घे, हेही घे' असं म्हणतोयस का? की मापं मागितली म्हणून मापं दिलीस? तू आधीपासून तसाच. आई विचारायची, जेवलास का, तर तू म्हणायचास, सव्वा वाजता.

स्क्रू बेचाळीस होते हे सहा वर्षांनी तुला कसं आठवतं?

बाबांनी पाकिटावरचं अक्षर पाहिलं. जेवताना दोनदा म्हणाले, आज भाजीला मीठ जास्त झालंय. मीठ मी घातलंच नव्हतं.

एक विचारायचंय, आणि याचं उत्तर नकाशाने देता येणार नाही. चौकशीच्या दिवशी व्हरांड्यात बाकावर आपण शेजारी बसलो होतो. बाबा पलीकडच्या बाकावर, आपल्याकडे पाठ करून. शिपायाने मला हाक मारली तेव्हा तू माझ्याकडे वळून काहीतरी म्हणालास. माझ्या आठवणीत तू म्हणालास, "तू काही बोलू नकोस." हे मी इतक्या वेळा आठवलंय की आता ते गुळगुळीत झालंय. तू खरंच तसं म्हणालास? की मला बरं वाटावं म्हणून मीच ते तुझ्या तोंडी घातलं?

परवा मला ते दुसऱ्याच वाक्यासारखं ऐकू आलं. म्हणून विचारते.

मुलाखत नऊ दिवसांवर आली. सर म्हणतात, आता तुम्ही छान 'मी' म्हणता.


१२ फेब्रुवारी

दादा,

काल झाली. चांगली झाली की वाईट ते मला विचारू नकोस. मी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, तूच ठरव.

लांबच लांब व्हरांडा, भिंतीला टेकून खुर्च्या, एक माणूस यादी घेऊन. माझ्या शेजारचा उमेदवार डोळे मिटून 'नेतृत्वगुण, नेतृत्वगुण' असं पुटपुटत होता. मला उगाच तो दुसरा व्हरांडा आठवला, चौकशीचा.

आत तिघं. मधे चष्म्याला साखळी लावलेल्या प्राध्यापक बाई. डावीकडे (की उजवीकडे) एक तरुण, तिथेच शिकून आता मोठ्या कंपनीत असलेला. तिसरे एक टकले गृहस्थ. त्यांचं आयुष्य कारखान्यात गेलेलं असावं, कारण उजव्या हाताच्या एका बोटाचं टोक नव्हतं. ते पहिली पंधरा मिनिटं बोललेच नाहीत. पेन्सिलीला टोक करत बसले.

स्वतःबद्दल सांगितलं. हे शिक्षण कशाला ते सांगितलं. आत्ताच कशाला म्हणाल्यावर मी म्हणाले, लाँड्रीतली माझी माणसं मला विचारतात ते मला कळत नाही आणि वरचे मला सांगतात तेही कळत नाही, मला मधे उभं राहायला शिकायचंय. हे मी पाठ केलेलं नव्हतं. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. कमकुवतपणावर मी अडखळले आणि डावं-उजवंच सांगून बसले. तरुण हसला, पण चांगलं हसला.

मग बाई म्हणाल्या, "तुमचा निबंध आम्हाला आवडला." आणि मी सुरू झाले. मी ठरवलं, मी बंद केलं, मी फिरवलं. अठरा मिलिमीटर, सात फूट, बेचाळीस स्क्रू. इतकं सुरळीत की माझं मलाच खरं वाटायला लागलं.

तेव्हा टकल्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "प्लायवूड तुम्ही कापलंत?"

"हो."

"कशाने?"

"करवतीने."

"हातकरवतीने? अठराचं प्लाय, सात फूट?" ते पुढे वाकले. रागाने नाही. एखाद्या कारागिराला दुसऱ्याच्या कामात रस वाटावा तसे. "मग दुसरं टोक कोणी धरलं होतं?"

दादा, एवढा साधा प्रश्न. मला क्षणभर खोली दिसेना. मला तो रविवार दिसला. दोन स्टुलांवर आडवं ठेवलेलं प्लाय, तुझ्या मनगटावर भुसा, आणि तू ओरडतोयस, "धर नीट, हलवू नकोस, वाकडं जाईल!"

"दुसरं टोक मी धरलं होतं," मी म्हणाले.

"मग कापत कोण होतं?"

"माझा दादा."

मग मी सगळं सांगितलं. मला थांबताच येईना. पाइपाचं, अकरा ऑपरेशनांचं, तुझ्या जबाबाचं. सगळी कल्पना तुझीच होती, मी नुसती मदतीला होते, असं सांगितलं. खडूने जमिनीवर रेघ मात्र मी मारली, तेवढं माझं.

"आणि चौकशीत तुम्ही काय सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"मला काही माहीत नाही, असं."

"आणि पुढे सुपरवायझर तुम्ही झालात."

"हो. बाबा निवृत्त झाले, जखमा चिघळणं का कमी झालं ते डॉक्टरांना समजावून सांगणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी."

तरुण माझ्या फॉर्मकडे पाहत राहिला, त्यावर काही नवीन उमटलं असावं तसा. बाईंनी चष्मा काढला, तो साखळीला लोंबकळला. "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता आणि त्याने मी आणखीच गोंधळले.

'नाही' म्हणालात की गेलात. माझ्या डोक्यात एवढंच होतं. मी म्हणाले, "परदेशातल्या कॉलेजांशी तुमची विद्यार्थ्यांची देवाणघेवाण आहे का?"

"आहे," बाई म्हणाल्या.

"छान," मी म्हणाले, आणि उठले. दार ओढायचं होतं, मी ढकलत राहिले. शेवटी टकल्यांनी येऊन उघडलं. "करवत चालवणाऱ्याला सांगा, काम सरळ झालंय," ते हळूच म्हणाले. त्यांनी ते पाहिलेलं नाही, मग त्यांना कसं माहीत?

सर फोनवर म्हणाले, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात. मी म्हटलं, हो. मग घरी येऊन दोन तास झोपले. मला बरं वाटतंय की वाईट, ते अजून कळलेलं नाही.


२० फेब्रुवारी

छोटे,

मला पत्रं लिहिता येत नाहीत. तुझी चारही वाचली. दुकानात वाचली, गिऱ्हाईक थांबवून.

व्हरांड्यात मी काय म्हणालो ते विचारलंस. मी म्हणालो, "तुला जे बोलायचं ते बोल." 'बोलू नकोस' म्हणालो नव्हतो. तुला वाईट वाटेल, पण विचारलंस म्हणून सांगितलं. तू खरं बोलली असतीस तर दोघांचीही नोकरी गेली असती आणि बाबांची उरलेली दोन वर्षं कठीण झाली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. त्यामुळे त्याचा राग धरता येईना, आणि सोडताही येईना.

खरा राग वेगळाच आहे. मी गेल्यावर चार-पाच महिन्यांनी मावशींनी कळवलं, दार तसंच आहे, जखमा चिघळायच्या थांबल्या. मला वाटलं, तू आता लिहिशील. मोठं काही नको होतं. 'दादा, जमलं.' एवढंच. त्याची मी वाट पाहिली. मग तू सुपरवायझर झालीस तेही मावशींकडूनच कळलं. मग मी वाट बघायचं सोडलं आणि त्यांना म्हटलं, पत्ता देऊ नका.

आता दुसरं. तू त्या तिघांना पुन्हा खोटं सांगून आलीस. कल्पना माझी नव्हती. त्या शनिवारी डबा खाताना तू म्हणालीस, "हे दारच नसतं तर बरं झालं असतं." मी आयुष्यात त्या दाराकडे तसं बघितलं नव्हतं. मला फक्त मशीन फिरवायचं सुचलं. खडू तुझा, दार तुझं. मशीन माझं, आणि निसटलेला सांधा माझा. तो मी घाईत घट्ट केला नाही. क्रॉस त्यासाठी काढला होता. तुला टोमणा मारायला नाही.

आधी सगळं तुझं म्हणालीस, मग सगळं माझं. अर्धं-अर्धं म्हणायला काय झालं होतं?

मुलाखतीत काय विचारतात ते मला ठाऊक नाही. मला एकच विचारलं होतं, कोणी केलं? उत्तर द्यायला मला विचार करावा लागला नाही. नंतर खूप केला.

हात मांडीवर ठेवायचे.

दादा


११ मार्च

दादा,

तुझं पत्र वाचून मी काय केलं ते आधी सांगते, रडले वगैरे ते सोड.

कॉलेजला पत्र पाठवलं की निबंधात अर्धं आणि मुलाखतीत उरलेलं अर्धं चुकीचं सांगितलं. खरं असं असं. मग हॉस्पिटलच्या अधीक्षकांकडे गेले. आता नव्या बाई आहेत, तुला पाहिलेलंही नाही त्यांनी. मी लिहून नेलं होतं: दार बंद करायचं मी सुचवलं, भाऊ आणि मी मिळून केलं, चौकशीत मी खोटं बोलले.

त्यांनी दोनदा वाचलं. "हे आता का?" म्हणाल्या.

"उशीर झाला," मी म्हटलं.

"मी याचं काय करू अशी तुमची अपेक्षा आहे?"

"ते मला माहीत नाही. त्याच्या नावापुढे 'बडतर्फ' आहे. त्यामुळे त्याला कुठल्याच हॉस्पिटलात घेत नाहीत."

त्यांनी मला जायला सांगितलं. दहा दिवस काही नाही. मी रोज लाँड्रीत जायचे आणि प्रत्येक फोनला दचकायचे. मावशी म्हणायच्या, "अगं, तो फोन वॉर्डाचा आहे, चादरी मागतायत."

परवा बाईंनी दोन पत्रं हातात दिली. माझं आधी सांगते. तीन महिने सुपरवायझरचं काम काढून घेतलंय, पुन्हा घड्यांच्या टेबलावर. खोटा जबाब दिला म्हणून. दुसरं तुझं आहे, या पाकिटात घातलंय. बडतर्फी मागे घेतली, त्याऐवजी राजीनामा धरलाय. खाली एक ओळ बाईंनी हाताने लिहिली आहे: 'सदर व्यवस्था आजही वापरात आहे.' सांध्याचंही त्यात आहे, ते मी लपवलं नाही. तुला चालेल असं समजले. चुकलं असेल तर सांग.

कॉलेजचंही आलं. तीन ओळी. या वर्षी प्रवेश देता येत नाही, निबंधातील माहितीमुळे. पुढल्या वर्षी नव्याने अर्ज करण्यास हरकत नाही. मुलाखतीचे गुण छापले आहेत आणि ते, दादा, चांगले आहेत. आता यावर हसायचं की काय करायचं? सर म्हणतात, असं त्यांनी कधी पाहिलं नाही.

आणि बाबा.

तुझं पत्र, म्हणजे हॉस्पिटलचं, मी त्यांच्यासमोर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, आता गॅलरीचं दार वाजणार. वाजलं नाही. बऱ्याच वेळाने हाक आली.

"हे तू मागितलंस?"

"हो."

"तुला खाली उतरवलं?"

"तीन महिने."

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "त्याला काढल्यावर साहेबांनी मला सांगितलं होतं, ते दार पूर्वीसारखं करून घ्या. दोनदा सुतार आला. दोन्ही वेळा मी त्याला परत पाठवला. म्हटलं, आज काम आहे, उद्या ये. मग साहेबच विसरले."

मी मूर्खासारखं विचारलं, "का पाठवलंत?"

"चांगलं केलं होतं पोरांनी," बाबा म्हणाले. पोरांनी म्हणाले, पोराने नाही. म्हणजे तेव्हापासून त्यांना माहीत होतं, दोघांनी केलं ते. कसं ते विचारलं, तर म्हणाले, "त्याचं अक्षर मला माहीत नाही का? जमिनीवरच्या खडूच्या रेघेवर 'इथून' असं लिहिलं होतं. ते तुझं अक्षर."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलायचं? एक गेला होता. दुसरी होती, ती बोलत नव्हती."

सहा वर्षं एका घरात आम्ही दोघं तेच माहीत असून एकमेकांना बॉयलरबद्दल विचारत होतो. मला त्यांचा राग यायला हवा होता का? आला नाही. बरं वाटलं म्हणावं तर तेही नाही. तुला राग आलाच तर तू ये आणि त्यांच्यावरच काढ. नाहीतर आम्हीच येतो. ते म्हणाले, "त्याचा पत्ता दे." मी म्हटलं, कशाला? म्हणाले, "पत्ता कशाला लागतो?" आणि हे पत्र माझ्या हातातून ओढायला लागले. आता खाली त्यांना काहीतरी लिहायचंय. काय ते मी वाचणार नाही असं कबूल केलंय.

दादा, जमलं. सहा वर्षं उशिरा लिहिते.

तुझी छोटी


चिरंजीवास आशीर्वाद.

शनिवारी दुपारच्या बसने दोघे येत आहोत. माझे गुडघे धड नाहीत, तरी स्टँडवर थांबावे. दुकानात एक बरी खुर्ची असल्यास ठेवावी. राहण्याची अडचण असल्यास तसे कळवावे. कळवलेस तरी येणार.

बाबा